मिस लिओटाचं खालचं रान

डेविट सिस्कच्या हातावर कुणी उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धातली बंदुकीची जुनी गोळी ठेवली की तो आधी डोळे मिटायचा. लोकांना वाटायचं, हा नाटक करतोय. त्याची बायको मोझेल तर तोंडावर म्हणायची, "बसला समाधी लावून! आता शिपाई अंगात येणार." पण डेविटला खरंच तसं बरं वाटायचं. शिसं हाताला थंड लागतं आणि आकाराच्या मानानं जड असतं. ते तळव्यात जरा ऊबदार होईपर्यंत तो थांबायचा, मग हळूच अंगठा फिरवायचा. बुडाशी कड्या किती, बूड पोकळ की भरीव, पोकळी निमुळती की गोल, एवढं त्याच्या अंगठ्यालाच कळायचं. नंतर डोळे उघडून तो जाडी मोजायला व्हर्नियर लावायचा, मोझेलच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचा आणि सांगायचा, "तीन कड्या. उत्तरेची. झाडलेली नाही, पडलेली आहे."

झाडलेली आणि पडलेली, या दोन शब्दांत त्याचा जीव अडकलेला होता. झाडलेली गोळी झाडावर, दगडावर नाहीतर आणखी कशावर तरी आपटून चेपलेली असते. पडलेली मात्र साच्यातून निघाली तशीच्या तशी असते, कुणाच्या तरी गारठलेल्या बोटांतून गवतात निसटलेली. अशी एखादी हाती लागली की डेविटला दिवसभर तो माणूस दिसत राहायचा. ओकच्या बुंध्यामागं गुडघ्यावर बसलाय, काडतुसाचा कागद दातांनी फाडतोय, हात कापतोय म्हणून स्वतःलाच शिव्या घालतोय. गोळी पडते. तो ती शोधत बसत नाही, दुसरी घेतो. पुढं तो जगला की मेला, हे गोळी काही सांगत नाही. डेविटचा घास हातातच राहायचा, आणि मोझेल विचारायची, "त्यालाही ताट वाढू का?"

व्हर्जिनियातल्या कल्पेपर परगण्यात ज्याच्या त्याच्या शेडमध्ये कॉफीचा एखादा डबा गोळ्यांनी भरलेला सापडतोच. आजोबांनी नांगरताना वेचलेल्या, पोरांनी ओढ्यात मिळवलेल्या. हे डबे शनिवारी डेविटच्या व्हरांड्यात यायचे. तो एकेक गोळी ओळखून सांगायचा आणि भावही सांगायचा. साध्या तीन कड्यांच्या गोळीला सोड्याच्या बाटलीएवढी किंमत. दक्षिणेच्या दोन कड्यांच्या गोळीला थोडी जास्त. छावणीत कंटाळलेल्या एखाद्यानं चाकूनं कोरून बुद्धिबळातलं प्यादं नाहीतर गळाचं वजन केलेलं असेल, तर चांगलीच जास्त. आणि गोळी घासून चकचकीत करून आणली असेल तर काहीच नाही. शिशावर जमिनीत एक पांढरी साय धरते, तिला सव्वाशे वर्षं लागतात आणि घासून काढायला पाच मिनिटं. अशी घासलेली गोळी बघितली की या एरवी गरीब गायीसारख्या माणसाचा पारा चढायचा. "आजीच्या तोंडावरच्या सुरकुत्यापण घासून काढ ना घरी जाऊन!" असं तो एका धर्मोपदेशकाला म्हणाला होता.

आणखी एका गोष्टीवरून त्याचं लोकांशी वाजायचं. रिचमंडला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथं दातांच्या खुणा असलेल्या गोळ्या लाल मखमलीवर मांडून ठेवतात. शेजारी चिठ्ठी: पाय कापताना शिपायानं चावलेली. लोक ती बघून हळहळतात आणि खिशात हात घालतात. डेविट ती उचलायचा, अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "डुक्कर." त्या काळी डुकरं कुणी कोंडून ठेवत नसे. कानाला खाच मारून रानात सोडून द्यायचे, ती जमीन उकरत फिरायची आणि तोंडात येईल ते चावून बघायची. माणसाच्या दातांचं ते काम नव्हे. डेविटला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तरुणपणी त्यानं खात्री करून घ्यायला एक गोळी स्वतः दाढेखाली धरून बघितली होती. गोळीवर नखाएवढी खूण उठली आणि दाढ काढावी लागली. दवाखान्यात त्यानं अक्रोडाचं नाव पुढं केलं.

नोकरीत असताना तो दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे निघून गोठ्यागोठ्यातून दूध भरून घ्यायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. त्या वाटेवर, रॅपिडॅन नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला, लिओटा रेक्टरचं खालचं रान लागायचं. वर टेकाडावर तिचं घर, घराखाली सफरचंदाची बाग, आणि बागेखाली ओढ्यापर्यंत पसरलेलं ते रान. तांबूस गवत, मधे मधे सीडरची काळपट झाडं, आणि पहाटे त्या सगळ्यावर धुकं. त्या जमिनीला कधी नांगर लागला नव्हता. आसपास सगळीकडं मका, सोयाबीन आणि आता तर नवी नवी घरं; पण तिथं काहीच नाही. लढाईच्या उन्हाळ्यात त्या ओढ्यावर चकमक झाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे जे पडलं ते तिथंच असणार, पडलं तसंच.

डेविट टँकरचा वेग तिथं कमी करायचा. पुढं पुढं ते रान त्याच्या झोपेतच आलं. स्वप्नात तो जमिनीतला धातू हुडकणारं मशीन घेऊन धुक्यातून चालतोय, कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये बारीक बारीक स्वर वाजतायत, एक संपला की दुसरा, रानभर कुणीतरी हळू शीळ घालत असल्यासारखे. खणायला वाकला की जाग यायची. मोझेलला पाठ होतं ते. "आलास का लिओटाच्या रानातून? बूट पुसले का?"

परवानगीशिवाय कुणाच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही, हा त्या धंद्यातल्या सरळ माणसांचा नियम. डेविट दरवर्षी पानं गळायला लागली की मिस लिओटाच्या दाराशी जायचा, टोपी काढून विचारायचा. ती दरवर्षी त्याला सफरचंदाचा मुरंबा द्यायची आणि नाही म्हणायची. "आमच्या आजोबांनी सांगितलंय, त्या जमिनीत लोखंड घालायचं नाही. का ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. मोझेल बरी आहे ना?" असं करता करता डेविटचे केस पांढरे झाले आणि मिस लिओटा शहाऐंशीची झाली. तिनं लग्न केलं नव्हतं. सगळ्या परगण्याची ती मिस लिओटाच होती, शाळेतल्या पोरांपासून शेरीफपर्यंत.

आणि एका ऑक्टोबरात तिनंच त्याला बोलावणं पाठवलं.

"ये पोरा. पाय पूस," ती म्हणाली. डेविट बासष्टचा होता, पण तिच्यापुढं सगळे पोरच. टेबलावर कोंबडी तळून ठेवली होती, पावासारखी गरम बिस्किटं होती, आणि मधोमध तपकिरीची एक जुनी डबी. डबीत काय आहे हे डेविटनं ऐकलं होतं. रेक्टरांच्या घरची गोळी. आजोबांचा थोरला भाऊ एनोस त्या चकमकीत जखमी झाला, वरच्या बागेत डॉक्टरनं त्याचा पाय कापला, आणि एनोसनं ही गोळी दातांत धरून तोंडातून हूं की चूं काढलं नाही. सकाळपर्यंत गेला. सैन्यानं कुठं पुरलं कुणास ठाऊक.

"चुकीच्या बाजूनं लढला," मिस लिओटा म्हणाली. "मला ते सांगायला लाज नाही वाटत. पण पोरगा आमचा होता. वीस वर्षांचा."

दर वर्षी सगळे रेक्टर जमले की प्रार्थनेनंतर ती डबी हातोहात फिरायची. लहान पोरं त्या खुणांवर बोट ठेवायची. रेक्टर रडत नाहीत, हे त्यांना तिथंच शिकवलं जायचं. मिस लिओटा पाच वर्षांची असताना विहिरीच्या रहाटात तिचं बोट चिरडलं होतं. आजोबांनी ही गोळी तिच्या मुठीत दिली आणि ती गप्प बसली. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा गप्प बसली. सख्खा भाऊ गेला तेव्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर ताठ बसली होती, ते डेविटनं स्वतः बघितलं होतं.

"रोआनोकचा माझा भाचा म्हणतो, ही काचेच्या पेटीत घालून कोर्टाच्या इमारतीत ठेवू या. पण ते लोक म्हणतात, जाणत्या माणसाचा शब्द पाहिजे. मी म्हटलं, जाणता तर आमच्याच गावात आहे, नुसता बसलेला असतो." ती हसली. "तेव्हा बघ आणि सांग. आणि सांगून झालं की जा, तुझं ते यंत्र घेऊन खालच्या रानात जा. माझ्यानंतर भाचा विकणारच आहे ते. आजोबांना मी वर गेल्यावर समजावीन."

 इतकी वर्षं डेविटनं जे मागितलं ते बिस्किटाच्या ताटलीशेजारी येऊन पडलं होतं. त्यानं डबी उघडली, गोळी हातावर घेतली आणि सवयीनं डोळे मिटले.

दोन कड्या. दक्षिणेची. मग अंगठा वर सरकला आणि खळग्यात गेला. नखाएवढी खूण नव्हती ती. रुंद, खोल, आडवी, शेजारी शेजारी तीन. मधलं शिसं चुरगळून बाजूला सरलं होतं. अशा गोळ्या त्यानं रिचमंडच्या मखमलीवरून कितीदा उचलल्या होत्या.

त्या दिवशी त्यानं डोळे फार वेळ मिटून ठेवले, कारण उघडले की बोलावं लागणार होतं. मिटल्या डोळ्यांपुढं रान होतं. दव, सीडर, धुक्यात त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे. एक शब्द बोलायचा होता, हो. या परगण्यात डुक्कर म्हणणारा तो एकटाच. तोच हो म्हणाला असता तर नाही कोण म्हणणार होतं? म्हातारीलाही आनंद, भाच्यालाही आनंद. आणि काचेच्या पेटीतली एक खोटी गोळी म्हणजे काही जगबुडी नव्हे. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि मी म्हणतो, कुणाच्या आलं नसतं?

"झोपलास का रे?" मिस लिओटा म्हणाली.

डेविटनं डोळे उघडले. "मिस लिओटा, गोळी दक्षिणेची आहे. झाडलेली नाही."

"ते माझ्या भाच्यालाही कळतं. दातांचं सांग."

"दात माणसाचे नाहीत."

"मग कुणाचे, जनरलच्या घोड्याचे?"

"डुकराचे, मॅडम."

मिस लिओटानं त्याच्याकडं बघितलं. मग कोंबडीची ताटली त्याच्यापुढं सरकवली. "घे अजून. काहीच खाल्लं नाहीस." डेविटनं एक तंगडी घेतली आणि तशीच हातात धरून बसला.

"डुक्कर शिसं कशाला चावेल?"

"ते जमीन उकरतं, मॅडम. तोंडात येईल ते चावतं. नको ते टाकून देतं."

"आणि पाहिजे ते?"

डेविट खाली बघायला लागला. "ओकाची फळं असतात. मुळं असतात."

"मुळं," मिस लिओटा म्हणाली. तिनं गोळी उचलून डबीत ठेवली, झाकण लावलं. "मोझेलला म्हणावं, सफरचंदं न्यायला ये. यंदा फार आलीत." याचा अर्थ आता ऊठ, हे डेविटला कळलं. रानाबद्दल ती काही बोलली नाही आणि त्याची विचारायची छाती झाली नाही.

घरी मोझेल हॅमचं, म्हणजे डुकराच्या मांडीचं, हाड घालून घेवड्याच्या बिया शिजवत होती. त्याचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "काय झालं? गेली की काय म्हातारी?"

"नाही. कोंबडी घे म्हणाली."

"आणि रान?"

डेविटनं सगळं सांगितलं. मोझेलनं पळी भांड्यावर आपटली. "तुझ्या जिभेला हाड नाही का रे! तीस-चाळीस वर्षं माझी झोप मोडलीस त्या रानापायी, आणि देते म्हणाली तर तिला डुक्कर सांगून आलास! तेही त्या घरात! अख्ख्या व्हर्जिनियात एक घर असेल जिथं डुकराचं नाव फाटकाच्या आत काढत नाहीत, आणि हा गेला तिथं!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? विसरलास? तिचा भाऊ गेला तेव्हा मी हॅम घेऊन गेले होते. चांगलं लवंगा टोचून, मध लावून भाजलेलं. म्हातारीनं फाटकातच थांबवलं. 'मोझेल, उपकार झाले, पण आमच्याकडं हे चालत नाही.' परत आणलं मी ते, मांडीवर घेऊन, तुझ्याच गाडीतून. आठवडाभर खात होतास." ताट त्याच्यापुढं ठेवत ती पुढं म्हणाली, "त्यांची पणजी म्हणे फार हट्टी होती. तिनं घरात डुकराचं मांस बंद केलं ते बंद. लढाईच्या सालापासून."

डेविटचा चमचा थांबला. "कधीपासून?"

"लढाईच्या सालापासून. का?"

तो ताटाकडं बघत राहिला. मग त्यानं ताट हळूच बाजूला सारलं. मोझेलनं त्याचा चेहरा बघितला आणि ताट उचलून नेलं.

पुढचे काही दिवस डेविट कुणाच्या गोळ्या बघायला बसला नाही. व्हरांड्यात खुर्ची रिकामी असायची आणि तो मागं लाकडं फोडत असायचा. आता त्याला रानाचं दुःख नव्हतं. तो मनात घोकत होता, की डुकरांनी त्या रानात काय खाल्लं ते म्हातारीला कळलेलं नसू दे. मुळं म्हणालो ना मी? मुळंच समजली असेल ती. हो म्हणायला काय झालं होतं माझ्या तोंडाला! जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपल्याला काही कळत नसतं तर बरं झालं असतं. स्वप्नसुद्धा आलं नाही त्या दिवसांत.

मग मिस लिओटाचा फोन आला. "यंत्र घेऊन ये," एवढंच म्हणाली.

ती व्हरांड्यात बसली होती. अंगात हिवाळी कोट, डोक्याला चर्चची टोपी, हातात काठी. डेविट पायरीवर बसला. ती बोलायला लागली, तेही त्याच्याकडं न बघता, बागेकडं बघत.

"आजोबा बारा वर्षांचे होते तेव्हा. सैन्य निघून गेल्यावर आईबरोबर लाकडं गोळा करायला खालच्या रानात गेले होते, असं सांगायचे. तिथंच त्यांना ही गोळी मिळाली, असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. मी लहान होते. मी म्हटलं, पण आजोबा, डॉक्टर तर वर बागेत होता ना? तर म्हणाले, लहान पोरांनी फार विचारू नये."

डेविटनं बुटाला लागलेला चिखल काडीनं खरवडला.

"आणि एक सांगायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्या आईनं घरची सगळी डुकरं मारली आणि पुरली. रोग पडला होता, म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो. लोक चामडं उकळून पाणी पीत होते रे तेव्हा. आणि या बाईनं मांस पुरलं." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "चर्चच्या जेवणात डुकराचं मांस असलं की आजोबांची थाळी पालथी असायची. मी विचारायची, का हो? पोटाला सोसत नाही. त्यांच्या पोटाला दगड सोसला असता. तुला ठाऊक होतं ना?"

"तुमच्या टेबलावर बसलो होतो तेव्हा नव्हतं, मॅडम. घरी गेल्यावर कळलं."

"कसं?"

"मोझेलच्या हॅमवरून."

मिस लिओटाच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. "फार चांगला वास येत होता त्याला. सांग तिला. चल, मला घेऊन चल खाली."

डेविटनं स्वयंपाकघरातली एक खुर्ची गाडीत टाकली, तिला दंडाला धरून बसवलं आणि बागेतून सावकाश खाली उतरला. रेक्टरांपैकी कुणी त्या रानात गाडी घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ऊन नुकतं वर आलं होतं, धुकं ओढ्याकडं सरकत होतं आणि गवत गुडघ्यापर्यंत ओलं होतं. एका सीडरपाशी त्यानं खुर्ची मांडली. मिस लिओटा तिच्यावर बसली, मांडीवर डबी घेऊन.

मशीन सुरू करताना डेविटला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. सगळं तसंच होतं, बुटांचे ठसेसुद्धा. सुरुवातीला काही नाही, नुसती जमिनीची गुरगुर. मग सीडरच्या पलीकडं जमीन थोडी दबल्यासारखी होती तिथं तो पोचला, आणि कानात स्वर उठला. स्वच्छ, बारीक. अर्धं पाऊल टाकलं तर दुसरा. डावीकडं फिरवलं तर तिसरा. तो त्या खोलगटाभोवती हळूहळू फिरला आणि स्वर थांबेनात. कितीतरी वर्षं हे त्यानं ऐकलं होतं. झोपेत ते ऐकून किती सुख व्हायचं! आता तो खणायला वाकला नाही.

"काय ऐकू येतंय?" मिस लिओटानं विचारलं.

डेविटनं तिला धरून तिथपर्यंत आणलं, खुर्चीही आणली. तिची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवर बसवला. मग मशीन तिच्या पायांपुढून सावकाश फिरवलं.

"हे काय?"

"शिसं."

"आणि हे? हे वेगळं वाजलं."

"पितळ असेल. कोटाचं बटण."

ती ऐकत राहिली. डेविट फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "इतके?"

"हो, मॅडम."

तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. "खण. मी शब्द दिलाय."

"नाही, मिस लिओटा." डेविटनं मशीन बंद केलं आणि गवतात आडवं ठेवलं. "मी गोळ्या शोधतो. इथं माणसं आहेत. परगण्याच्या कचेरीत सांगू या, ते जाणकार पाठवतील, खुणा करतील. माझ्या हातून नाही व्हायचं."

तिनं मान हलवली. मग डबी उघडून गोळी तळहातावर घेतली, त्या तीन खळग्यांवर बोट फिरवलं आणि मान वर करून टेकाडाकडं बघितलं. तिथून घर स्पष्ट दिसत होतं. स्वयंपाकघराची खिडकी, धुराडं, सकाळी ती चूल पेटती ठेवून आली होती त्याचा धूर.

"इथून घर दिसतं," ती म्हणाली.

"हो, मॅडम."

"तो ओरडला नाही, असं आम्ही सांगत आलो. मी सांगत आले, डेविट. लहान लहान पोरांना. बोट चिरडलं तर गप्प, आई मेली तर गप्प, एनोस बघा, हूं की चूं केलं नाही त्यानं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त ती फार हळू बोलत होती. "बागेत कुठला डॉक्टर, इथंच पडला होता तो. ओरडला असेल रे. दिवसभर ओरडला असेल. स्वतःच्या घराचा धूर दिसत होता त्याला. आणि आम्ही त्याचं काय कौतुक केलं, तर गप्प राहिला म्हणून."

 डेविटनं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

मिस लिओटा काठीवर जोर देऊन उठली. त्यानं आधार द्यायला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. त्या भागातल्या बायका परसदारी उभ्या राहून शेतातल्या माणसांना जेवायला हाका मारतात, लांब सुरात, शेवटचं अक्षर ओढून. तशी हाक तिनं मारली.

"एनोऽऽस!"

ओढ्यापलीकडच्या ओकच्या झाडीतून कावळे उडाले. हाक तिकडं जाऊन परत आली. तिनं पुन्हा श्वास घेतला.

"एनोऽऽस! चल घरी! जेवायला वाढलंय!"

दुसऱ्या हाकेच्या शेवटी तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं, विहिरीपाशी बोट चिरडलेली पाच वर्षांची पोर रडेल तशी. डेविटनं खुर्ची तिच्यामागं सरकवून घट्ट धरून ठेवली आणि तिला गप्प हो म्हटलं नाही.